श्रीलंकेतील आंतरराष्ट्रीय पर्यटनावरील आघात : तात्पुरते की दीर्घकालीन?

पर्यटनावर होणारे आघात तात्पुरते असतात की दीर्घकालीन, या प्रश्नाचा निर्णय बहुधा पर्यटकसंख्येवरून केला जातो. संख्या पूर्वपदावर आली की आघात ओसरला, असे मानण्याचा प्रघात आहे. श्रीलंकेचा इतिहास पाहता ही कसोटी अपुरी ठरते.

१९८२ मध्ये श्रीलंकेस ४ लाखांहून अधिक परदेशी पर्यटकांनी भेट दिली. जुलै १९८३ मध्ये तमिळविरोधी दंगली उसळल्या व यादवी युद्धास तोंड फुटले. पुढे १९८७ ते १९८९ या काळात दक्षिणेत जनता विमुक्ती पेरमुना या संघटनेचा सशस्त्र उठाव झाला. दशकाअखेर पर्यटकसंख्या २ लाखांच्याही खाली गेली होती. १९८२ ची पातळी पुन्हा गाठण्यास १९९४ साल उजाडावे लागले. बारा वर्षांनी का होईना, हानी भरून निघाली असे यावरून वाटते. तथापि १९८० मध्ये सुमारे २८ कोटी असलेली जगातील आंतरराष्ट्रीय पर्यटकांची संख्या एव्हाना ५० कोटींवर गेली होती. श्रीलंका मात्र होती तेथेच राहिली. जागतिक पर्यटनातील तिचा गमावलेला वाटा या हिशेबात कोठेच दिसत नाही.

याउलट २१ एप्रिल २०१९ च्या बॉम्बस्फोटांत अडीचशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली, मे महिन्यात जेमतेम ३८ हजार पर्यटक आले; परंतु डिसेंबरमध्ये ही संख्या २ लाख ४० हजारांवर पोहोचली. २००४ च्या त्सुनामीनंतरही २००५ मधील घट अल्पच होती. (अर्थात त्या वर्षीच्या आकड्यांत मदतकार्यासाठी आलेल्या परदेशी व्यक्तींचाही समावेश होता, हे विसरून चालणार नाही.) आघाताच्या तीव्रतेपेक्षा त्याचा कालावधी अधिक निर्णायक ठरला, असेच यावरून म्हणावे लागते. एका घटनेनंतर हॉटेले, विमानसेवा व प्रशिक्षित कर्मचारी टिकून राहतात. प्रदीर्घ युद्धात नवी गुंतवणूकच थांबते.

राष्ट्रीय सरासरीआड प्रादेशिक विषमताही झाकली जाते. नव्वदच्या दशकातील पुनरुज्जीवन प्रामुख्याने बेंटोटा, हिक्कडुवा अशा नैर्ऋत्य किनाऱ्यावरचे होते. पूर्व किनाऱ्यावरील पासिकुडा येथे १९७० च्या दशकात हॉटेले उभी राहिली होती; युद्धकाळात ती ओस पडून मोडकळीस आली. त्यांची नव्याने उभारणी मे २००९ मध्ये युद्ध संपल्यानंतरच होऊ शकली. १९८३ मध्ये विशीत असलेला तेथील तरुण तोवर पंचेचाळिशी ओलांडून गेला होता.