छिद्रांच्या कागदावरचे संगीत

संगीत आणि कागद यांचे नाते आपण स्वरलिपीपुरते मानतो. कागदावर लिहायचे आणि माणसाने वाजवायचे. विसाव्या शतकात एका संगीतकाराने मात्र प्रत्यक्ष कागदालाच वाजवायला लावले. कॉनलन नॅनकॅरो हे त्यांचे नाव. आपल्याकडे ते फारसे कुणाला माहीत नाही, म्हणून आम्ही त्यांची हकिकत येथे मांडत आहोत.

आपोआप वाजणाऱ्या वाद्याची कल्पना जुनी आहे. नवव्या शतकात बगदादच्या बनू मूसा या तीन विद्वान भावांनी पाण्याच्या जोरावर चालणाऱ्या बासरीयंत्राचे वर्णन लिहून ठेवले आहे. त्यातील फिरत्या नळकांड्यावरच्या खुंट्यांनुसार सूर निघत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस युरोप-अमेरिकेत पियानोला तयार झाला. त्यात खुंटीचे काम कागदावरील छिद्राने केले. कागदाची गुंडाळी एका पट्टीवरून सरकते. पट्टीला एकेका सुराचे भोक असते. कागदाचे छिद्र त्या भोकावर आले की हवा आत शिरते, छोटा भाता मिटतो आणि हातोडी तारेवर पडते. ग्रामोफोन आणि रेडिओ घरोघरी आले, तशी ही वाद्ये अडगळीत गेली.

नॅनकॅरो यांचा जन्म १९१२ साली अमेरिकेतील टेक्सारकाना येथे झाला. १९३७ मध्ये ते स्पेनच्या यादवी युद्धात जनरल फ्रँकोच्या फौजांविरुद्ध लढायला गेले आणि १९३९ मध्ये परतले. त्यानंतर त्यांनी पासपोर्ट मागितला, तेव्हा त्यांच्या साम्यवादी विचारांमुळे अमेरिकन सरकारने तो नाकारला. १९४० मध्ये ते मेक्सिकोला निघून गेले आणि पुढे तेथलेच नागरिक झाले.

त्यांच्या संगीतातील लयी इतक्या किचकट होत्या, की त्या नेमक्या वाजवणारे वादक मिळेनात. अशा लयी पियानोलाच्या कागदावर छिद्रे पाडून वाजवता येतील, असे हेन्री कॉवेल या संगीतकाराने १९३० च्या एका पुस्तकात सुचवले होते. वारशाने थोडा पैसा हाती आल्यावर १९४७ मध्ये नॅनकॅरो न्यूयॉर्कला गेले आणि छिद्रे पाडण्याचे यंत्र त्यांनी मिळवले. मग मेक्सिको सिटीतील घरात वर्षानुवर्षे एकच काम सुरू राहिले: कागदावर मापे आखायची आणि एकेक छिद्र पाडायचे. काही मिनिटांच्या रचनेसाठी महिनोन् महिने जात. आवाज धारदार व्हावा म्हणून त्यांनी हातोड्यांवर चामडे आणि धातूही बसवला.

त्यांच्या एकविसाव्या रचनेत एक आवाज सतत वेग घेत जातो, तर दुसरा मंदावत जातो. मध्ये एका क्षणी दोघे एकमेकांना ओलांडतात. सदतिसाव्या रचनेत बारा आवाज बारा वेगळ्या वेगांनी चालतात. कोणत्याही दोन हातांना हे साधणारे नाही.

जगाचे लक्ष त्यांच्याकडे उशिरा गेले. १९८० मध्ये लिगेती या हंगेरियन संगीतकाराला पॅरिसमध्ये त्यांच्या ध्वनिमुद्रिका मिळाल्या. त्यांनी नॅनकॅरोंचे नाव सर्वत्र सांगितले. १९८२ मध्ये अमेरिकेतील मॅकआर्थर पारितोषिक मिळाले, तेव्हा नॅनकॅरो सत्तरीला आले होते.

१९८५ मध्ये त्यांनी मायदेशी परतण्याबाबत वकिलाचा सल्ला घेतला. तरुणपणी साम्यवाद स्वीकारला तो अजाणतेपणी, असे शपथेवर लिहून द्यावे लागेल, असे त्यांना कळले. त्यांनी नकार दिला. १९९७ मध्ये मेक्सिको सिटीतच त्यांचे निधन झाले.

त्यांच्या कामाचा संग्रह आज स्वित्झर्लंडमधील बाझेल येथे जपलेला आहे. नॅनकॅरोंची ओळख सहसा चमत्कारिक यंत्रांचा संगीतकार अशी करून दिली जाते. ती आम्हाला अपुरी वाटते. हजारो छिद्रे पाडताना ज्या हाताला कंटाळा आला नाही, त्याच हाताने त्या कबुलीच्या कागदावर सही करायचे नाकारले. माणसाचे विचार आणि त्याची कला एकाच मुळावर वाढतात, हे या हकिकतीतून आम्हाला दिसते.