उपग्रहाची कुळकथा

रामदासपेठेत शे-दोनशे पावलांवर एखादा दवाखाना लागतो आणि बहुतेक दवाखान्यांच्या आश्रयाला रक्ततपासणीची एक प्रयोगशाळा असते. तेथील बाकावर नावाचा पुकारा होण्याची वाट पाहत बसले असता आतून जी घरघर ऐकू येते, ती रक्ताच्या नळ्या गरगर फिरवून जड-हलके निवडणाऱ्या यंत्राची, आणि त्याच्याच एका कितीतरी शीघ्रगती भावंडाच्या पोटी 'उपग्रह डीएनए' हे नाव जन्मास आले.

सीझियम क्लोराइडच्या द्रावणात डीएनए अतिवेगाने फिरवला की तो आपल्या घनतेच्या पातळीवर पट्टा होऊन स्थिरावतो, ही रीत मेसेल्सन, स्टाल आणि विनोग्राड यांनी १९५७ साली घालून दिली. १९६१ मध्ये सॉल किट यांनी उंदराचा डीएनए त्या रीतीने फिरवला, तेव्हा मुख्य पट्ट्याशेजारी एक लहानसा, किंचित हलका पट्टा निराळा उभा राहिला. ग्रहाजवळचा तो उपग्रह! नाव गुणावरून नव्हे, नळीतल्या जागेवरून पडले, आणि गावावरून पडलेल्या आडनावासारखे चिकटून राहिले.

गुण पुढे कळला. ब्रिटन आणि कोन यांनी १९६८ मध्ये मांडले की उंदराच्या डीएनएचा सुमारे दहावा हिस्सा म्हणजे एकच त्रोटक मजकूर, सुमारे दहा लाख वेळा उतरवलेला. असले दफ्तर पाहून कोणताही मामलेदार कुळकर्ण्याला बडतर्फच करता. शास्त्रज्ञांपैकीही पुष्कळांनी त्याला रद्दीत काढले, आणि मला वाटते, ती घाई झाली.

कारण १९७० साली डोरिस वुर्स्टर आणि कुर्ट बेनिर्शके यांनी आपल्या मेळघाटात, नागझिऱ्यात संध्याकाळी कुत्र्यासारखे भुंकणाऱ्या भेकराची गुणसूत्रे मोजली, ती मादीत अवघी ६ आणि नरात ७ भरली. चीनमधल्या त्याच्या चुलतभावाची मात्र ४६. मजकूर हरवला नव्हता. अनेक गुणसूत्रे टोकाला टोक लागून सांधली गेली होती, आणि शेते एकत्र झाल्यावरही जुन्या बांधाचे दगड मध्येच दिसावेत तसे त्या सांध्यांवर उपग्रह डीएनएचे अवशेष पुढे सापडले. निरनिराळ्या गुणसूत्रांवर तोच मजकूर असल्यामुळे भलत्याची भलत्याशी गाठ पडली, असा त्याचा उलगडा केला जातो.

बंदिवासात या दोन भेकरांना संकरित पाडसे झालीही. पण एकीकडची तीन-चार लांबलचक गुणसूत्रे आणि दुसरीकडची तेवीस आखूड, यांच्या जोड्या नीट लागेनात, आणि नर पाडस निर्बीज निघाले.