वनभोजन, सहल आणि मागे राहिलेली धाकटी

या मेळाव्यासाठी जुने फोटो गोळा करताना एक गंमत लक्षात आली. सहलीचा एखादा तरी फोटो बहुतेकांकडे निघाला. प्रतापगडावर पुतळ्यासमोर रांगेत उभी मुले, कडेला गुरुजी, मागे धुके. वनभोजनाचा फोटो मात्र एकाकडेही नाही. आणि गप्पा सुरू झाल्या की जो तो बोलतो तो वनभोजनावरच!

सहल ही एसटीची देणगी. १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर अशी पहिली एसटी धावली. पुढे गाड्या आडगावांपर्यंत पोहोचल्या, शाळांना प्रवासात सवलत मिळू लागली आणि शालेय सहल रूढ झाली. आपला परिसर तर सहलीसाठीच घडवल्यासारखा. पोलादपूरहून आंबेनळी घाट चढला की प्रतापगड. ३० नोव्हेंबर १९५७ रोजी पंडित नेहरूंनी अनावरण केलेला शिवरायांचा अश्वारूढ पुतळा तिथे आहे. उलट्या दिशेला महाड आणि पुढे रायगड. चौथीच्या पुस्तकात शिवछत्रपतींचा इतिहास, म्हणून सहलीला जायचे ते चौथीपासून पुढच्यांनी. पहिली-दुसरीच्या मुलांना "तुम्ही मोठे झालात की" एवढेच उत्तर मिळायचे. घाटात लहान मुलांना गाडी लागते, वर्गणी परवडत नाही, सांभाळायला माणसे पुरत नाहीत. कारणे खोटी नव्हती. पण गाडी सुटताना फाटकाशी उभी राहिलेली धाकटी भावंडे आठवून बघा.

त्यांच्या वाट्याला वनभोजन होते. भात कापून खाचरे मोकळी झाली की एखाद्या सकाळी सगळी शाळा रांगेने निघायची. प्रत्येकाने घरून मूठमूठ तांदूळ, डाळ, कुणी कांदा, कुणी बटाटा आणायचा. पऱ्याच्या काठी तीन दगडांची चूल मांडायची. खिचडी शिजेपर्यंत बाई बिया गोळा करायला सांगायच्या. हिरडा कोणता, बेहडा कोणता, हे आपण पुस्तकात नंतर वाचले, हातात आधी घेतले. दहा दहा बियांचे ढीग करता करता कितीजण शंभरापर्यंत मोजायला शिकले! त्याला अभ्यास म्हणतात हे त्या वेळी कुणाच्या डोक्यातही नव्हते.

याच गोष्टीचा विचारपूर्वक प्रयोग महाराष्ट्रात एका ठिकाणी झाला होता. गिजुभाई बधेका यांच्यासोबत भावनगरला काम केलेल्या ताराबाई मोडक १९४५ साली डहाणू तालुक्यातील बोर्डीला आल्या. अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. गरीब वस्तीतली मुले बालवाडीत येत नाहीत असे दिसल्यावर त्यांनी बालवाडीच वस्तीच्या अंगणात नेली. अंगणवाडी हा शब्द तिथला. १९५७ मध्ये काम कोसबादच्या टेकडीवर गेले. तिथल्या आदिवासी पाड्यांतली मुले गुरे राखायला जात. मग शिक्षकच त्यांच्यामागे कुरणात गेले आणि कुरणशाळा उभी राहिली. महागडी साधने बाजूला ठेवून पाने, बिया, खडे, शिंपले यांवर शिकवणे सुरू झाले. पुढे २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि अंगणवाडी देशभर पोहोचली. नाव सगळीकडे गेले. कुरणात जाण्याची सवय मात्र त्या मानाने कमीच गेली.

लहान मुलाला लांबचे ठिकाण लागत नाही, हे कोसबादने दाखवले. सहा वर्षांच्या मुलाला १६५९ सालाचा अर्थ कळत नाही. पण उमरठला तानाजी मालुसऱ्यांच्या समाधीपाशी नेऊन, "हा माणूस आपल्या शेजारच्या गावचा," असे सांगितले तर ते त्याला कळते. २० मार्च १९२७ ही तारीख त्याच्या लक्षात राहणार नाही. पण चवदार तळ्याच्या काठावर उभे करून, "या तळ्याचे पाणी काही माणसांना पिऊ देत नव्हते," एवढे सांगा. "का?" हा प्रश्न तो स्वतःच विचारील. तहान त्याला माहीत असते.

आज हे थांबले आहे. सावित्रीवरचा पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री वाहून गेला. २८ जुलै २०१८ रोजी आंबेनळी घाटात दापोलीच्या कृषी विद्यापीठातील कर्मचाऱ्यांची सहलीची बस दरीत कोसळली; एकच जण वाचला. जुलै २०२१ मध्ये तळियेवर दरड आली. सहल म्हटले की पालकांच्या पोटात गोळा येतो, आणि त्यांना दोष कोण देणार? पण घाटातली बस थांबली तेव्हा पायवाटेवरचे वनभोजनही थांबले, हे मात्र अकारण झाले. ज्या सहली अजून निघतात, त्यांतल्या कितीतरी वॉटर पार्कला जातात. आपल्या तालुक्यातली मुले घसरगुंड्या पाहून येतात, उमरठ राहून जाते.

शिक्षकांशी बोलल्यावर खरी अडचण कळते. दोन शिक्षकांच्या शाळेत एकाने धाकट्यांना बाहेर नेले, तर उरलेले वर्ग दुसऱ्याच्या गळ्यात. पैसा फारसा लागत नाही, माणसे लागतात. आणि माणसे तर आपणच आहोत. आपल्यातले कितीतरी जण निवृत्त होऊन गावी परतले आहेत. वर्षातून दोन सकाळी, पावसाळा सोडून, शाळेत जायचे, दहा मुलांमागे एक मोठे माणूस राहील असे बघायचे आणि पऱ्यापर्यंत चालत जाऊन यायचे.

मेळाव्यात शाळेला काय भेट द्यावी यावर बरीच चर्चा झाली. कपाट, पंखे, संगणक अशी नावे पुढे आली. ती जरूर द्यावीत. त्या यादीत शेवटी आपल्या दोन सकाळीही लिहाव्यात. या वेळी धाकट्यांना मागे ठेवायचे नाही.