मानक नगरच्या पत्त्यावर ‘किशोर’

लखनौहून कानपूरकडे निघालं की थोड्याच वेळात मानक नगर स्टेशन लागतं. ही रेल्वेच्या आरडीएसओ या संशोधन संस्थेची वसाहत. १९३० सालचं सेंट्रल स्टँडर्ड्स ऑफिस आणि १९५२ सालचं चाचणी व संशोधन केंद्र १९५७ मध्ये एकत्र करून ही संस्था झाली. इंजिनं, डबे, रूळ, पूल यांची मानकं इथे ठरतात. बाबांची इथे बदली झाली आणि माझं बालपण इथल्याच क्वार्टरमध्ये गेलं.

लखनौला मराठी आडनावं नवी नव्हती. भातखंड्यांनी १९२६ मध्ये इथे संगीत महाविद्यालय उभारलं, पुढे रातंजनकर कितीतरी वर्षं त्याचे प्राचार्य होते. पण लहान मुलानं वाचावं असं मराठी पुस्तक चारबाग स्टेशनच्या स्टॉलवर मिळत नसे. ‘नंदन’ मिळे, ‘चंपक’ मिळे, तेही हिंदी. शाळा हिंदी असल्यामुळे लिपी येत होतीच. ‘ळ’ तेवढा अडायचा. पण हाती मराठी मजकूरच नव्हता.

बाबांनी ‘किशोर’ या मुलांच्या मराठी मासिकाची वर्गणी भरली, ती माझ्या नावाने. वेष्टणावर माझं नाव, खाली क्वार्टरचा नंबर. घरात टपाल यायचं ते बाबांचं; हे एक माझं होतं. अंक आला की मी आधी वेष्टण जपून ठेवायची, मग कोडी, मग गोष्टी. ‘ळ’ कधी सुटला ते कळलंही नाही.

या मासिकामागे मोठी परंपरा आहे. मिशनरींचं ‘बालबोधमेवा’ १८७०च्या दशकातलं. विनायक कोंडदेव ओकांनी १८८१ मध्ये ‘बालबोध’ काढलं आणि १९१४ मध्ये जाईपर्यंत ते चालवलं. दर महिन्याला चरित्र, कविता, निबंध, शास्त्रविषय, आणि बहुतेक सगळं स्वतःच्या हातचं! एका माणसानं मुलांसाठी इतकी वर्षं असं लिहीत राहणं मला आजही थोर वाटतं. पण ओकांचा सूर मास्तरांचा होता. वासुदेव गोविंद आपट्यांनी १९०६ मध्ये मासिक सुरू केलं त्याचं नावच ‘आनंद’ ठेवलं, आणि माझ्या मते मराठी बालवाचनाचं खरं वळण तिथे आहे. मुलानं सुधारावं म्हणून वाचायचं, ते आता गंमत वाटते म्हणून वाचायचं झालं. भा. रा. भागवतांचं ‘बालमित्र’ १९५१ चं. फुरसुंगीच्या बनेश फेणेला धावतं ठेवणारे भागवत ते हेच.

‘किशोर’चा पहिला अंक नोव्हेंबर १९७१ चा, संपादक वसंत शिरवाडकर. तो काढला बालभारतीनं, म्हणजे पाठ्यपुस्तकं छापणाऱ्या मंडळानं. ज्यांच्या पुस्तकांवर परीक्षा होते त्यांनीच परीक्षा नसलेलं वाचन घरोघर पाठवलं. सरकारी मंडळानं मुलांसाठी केलेलं याहून चांगलं काम मला आठवत नाही.

‘किशोर’चे जुने अंक आता बालभारतीच्या संकेतस्थळावर फुकट वाचता येतात. परप्रांतातल्या मराठी घरांनी ते जरूर उघडावेत. तरी तुमची नातवंडं, भाचरं लखनौला, भोपाळला, हैदराबादला असतील तर छापील अंकाचीही वर्गणी भरा. आणि पत्त्यावर नाव आईवडिलांचं नको, मुलाचं घाला.