डाउन राइट, क्यू, सात्त्विक : नाटकात नव्याने येणाऱ्यांना हे शब्द माहीत हवेत

तालमीचा पहिला दिवस. दिग्दर्शक सांगतो, "क्यू मिळाला की डाउन राइटला ये, आणि तिला मास्क करू नकोस." नवखा नट गोंधळून भलत्याच बाजूला जातो. महाविद्यालयाची एकांकिका असो की छत्रपती संभाजीनगरच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठातला नाट्यशास्त्राचा वर्ग, काही शब्द आधीच माहीत असले तर ही फजिती टळते.

रंगमंचाचा नकाशा

प्रेक्षकांकडे तोंड करून उभ्या असलेल्या नटाची उजवी बाजू म्हणजे 'राइट'. प्रेक्षकांसाठी ती डावी असते. प्रेक्षकांजवळचा भाग 'डाउन' आणि मागच्या पडद्याकडचा 'अप'. युरोपातले जुने रंगमंच प्रेक्षकांच्या दिशेने उतरते असत, त्यावरून हे शब्द आले. दोन्ही बाजूंचे आडोसे म्हणजे विंगा. एंट्री आणि एक्झिट बहुतेक वेळा तिथूनच होते. अंधारात जागा बदलताना हा नकाशा चुकला, तर नट एकमेकांवर आदळतात.

तालमीतले शब्द

- संहिता : नाटकाचा लिहिलेला मजकूर. तिचे मोठे भाग म्हणजे अंक, अंकातले छोटे भाग म्हणजे प्रवेश. एकांकिका एकाच अंकाची असते.
- ब्लॉकिंग : कोणत्या वाक्याला कोणी कुठे उभं राहायचं, कुठून कुठे जायचं याची आखणी.
- क्यू : आपलं वाक्य किंवा हालचाल सुरू करण्याची खूण. ती समोरच्याचा शेवटचा शब्द, प्रकाशातला बदल किंवा संगीताचा तुकडा असू शकते.
- मास्क करणे : सहकलाकाराच्या पुढे उभं राहून त्याला प्रेक्षकांपासून झाकणे.
- नेपथ्य आणि प्रॉपर्टी : घर, भिंत, दार हे नेपथ्य. कंदील, पत्र, काठी अशा हाताळायच्या वस्तू म्हणजे प्रॉपर्टी.
- रंगीत तालीम : वेशभूषा, रंगभूषा, प्रकाश आणि संगीतासह प्रयोगासारखीच केलेली तालीम.

अभिनयाचे चार प्रकार

'अभिनय' या शब्दात 'अभि' म्हणजे 'कडे' आणि 'नी' म्हणजे 'नेणे'. नाटकाचा अर्थ प्रेक्षकांकडे नेणे, तो अभिनय. भरताच्या नाट्यशास्त्रात त्याचे चार प्रकार आहेत. शरीर आणि चेहऱ्याने होतो तो आंगिक, वाणीने वाचिक, वेशभूषा, रंगभूषा वगैरेंनी आहार्य. घाम, कंप, अश्रू, बदललेला स्वर अशा खुणांतून मनातला भाव दिसतो तो सात्त्विक. नवखे बहुधा वाचिकावरच भर देतात. पाठांतर चोख होतं, पण हात लटकत राहतात आणि नजर जमिनीवर.

आधी ऐकणं, मग बोलणं

रशियन दिग्दर्शक कॉन्स्तान्तिन स्तानिस्लावस्की (१८६३–१९३८) नटाला एक प्रश्न विचारायला लावत : मी या परिस्थितीत असतो तर काय केलं असतं? याचा चांगला मराठी नमुना 'चारचौघी' (१९९१) या नाटकात आहे. त्याचे लेखक प्रशांत दळवी आणि दिग्दर्शक चंद्रकांत कुलकर्णी ही जोडी तेव्हाच्या औरंगाबादेतल्या 'जिगीषा'मधून पुढे आली. त्यातली विद्या बराच वेळ फोनवर बोलते, पण पलीकडचा आवाज प्रेक्षकांना ऐकू येत नाही. वंदना गुप्ते यांनी आणि २०२२ मधल्या नव्या संचात मुक्ता बर्वे यांनी हा प्रवेश केला. नटी पलीकडचं बोलणं खरोखर 'ऐकते', तेव्हाच तो माणूस प्रेक्षकांना दिसू लागतो. पॉज याच ऐकण्यासाठी असतो. वाक्य आठवत नाही म्हणून थांबणं हा पॉज होत नाही.

बोलीची लाज कशाला?

घरी "काय करायलास?" म्हणणारा मुलगा रंगमंचावर आला की बोली लपवू लागतो. वाचिक अभिनय म्हणजे फक्त प्रमाण भाषा, हा गैरसमज आहे. कोणत्या पात्राने कोणती भाषा बोलावी, याचा विचार खुद्द नाट्यशास्त्रात आहे. मकरंद अनासपुरे यांची तर ओळखच मराठवाडी बोलीने घडली. पात्र पुण्यातल्या वकिलाचं असेल तर त्याची भाषा शिकावी लागते, गेवराईच्या शेतकऱ्याचं असेल तर घरचीच भाषा कामाला येते. दोन्हीकडे शब्द स्पष्ट हवा आणि शेवटच्या रांगेपर्यंत पोचायला हवा. त्यासाठी ओरडायचं नसतं. श्वास पोटातून घेऊन आवाज फेकायचा असतो.

तिसरी घंटा झाली की काही विचारायची सोय उरत नाही. एखादा शब्द कळला नाही, तर तालमीतच दिग्दर्शकाला विचारावा. तालीम त्यासाठीच असते.