पदवी आणि उमेदवारी : मुंबई इलाख्यातील एका निवडीचा इतिहास

शालान्त परीक्षा उत्तीर्ण झालेल्या मुलाने विद्यापीठाची वाट धरावी, की एखाद्या कारखान्यात उमेदवारी पत्करून हातचा धंदा शिकावा, हा प्रश्न आज घरोघरी विचारला जातो. तो जणू अनादी कालापासून चालत आला आहे, अशा समजुतीनेच त्याची उत्तरेही दिली जातात. हुशार मुलास महाविद्यालय व इतरांस कार्यशाळा ही वाटणी आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे की, तिलाही एक इतिहास आहे याचा आपणांस विसर पडतो. तो इतिहास मुंबई इलाख्यापुरता तपासून पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. ही वाटणी माणसांच्या बुद्धीतील भेदातून जन्मास आलेली नसून, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास झालेल्या काही शासकीय निर्णयांनी तिची उभारणी झाली. पुढे तिच्यावर उपाय म्हणून काढलेल्या संस्थाच एकामागून एक विद्यापीठाच्या कक्षेत गेल्या आणि मधली दरी होती तशीच राहिली, असे या लेखाचे प्रतिपाद्य आहे.

प्रथम शब्दांचा विचार करू. मराठीत कारागिरांच्या प्रमुखास ‘मेस्त्री’ म्हणतात आणि शाळेत शिकविणाऱ्यास ‘मास्तर’. पहिला शब्द पोर्तुगीज ‘मेस्त्र’ या शब्दावरून आला, दुसरा इंग्रजीतून आला. परंतु दोहोंचे मूळ लॅटिन ‘मागिस्तेर’ हेच होय. एम. ए. या पदवीतील ‘मास्टर’ हाही त्याच कुळातला. हे साम्य केवळ उच्चारापुरते नाही. मध्ययुगीन युरोपात ‘उनिवेर्सितास’ ही संज्ञा कोणत्याही संघास, कारागिरांच्या श्रेणीसही, लावली जात असे. विद्यापीठ हा शिकविणाऱ्यांचा व शिकणाऱ्यांचा असाच एक संघ होता. उमेदवारी संपवून कारागीर आपल्या श्रेणीत ‘मास्टर’ होई, तसाच विद्यार्थी आपल्या संघात ‘मास्टर’ होई. म्हणजे पदवी व उमेदवारी या मुळात एकाच घरातल्या दोन बहिणी होत. आपल्याकडे त्या दोन वेगळ्या वाटांनी, दोन वेगळ्या भाषांतून आल्या, आणि त्यांची ओळख येथे कोणी एकमेकींस करून दिली नाही.

‘उमेदवार’ हा शब्द फारसी असून त्याचा मूळ अर्थ आशावान असा आहे. जुन्या कचेऱ्यांतून जागा मिळेल या आशेवर बिनपगारी खपणारा तो उमेदवार. कारखान्यात शिकणाऱ्या मुलास हेच नाव मिळाले. गवयाच्या वा पहिलवानाच्या शागिर्दास आपण ‘शिकणारा’ मानतो, उमेदवारास मात्र ‘वाट पाहणारा’. शिक्षणाऐवजी प्रतीक्षेवर भर देणारा शब्द समाजाने निवडावा, ही गोष्ट अभ्यासकाने नोंदवून ठेवण्यासारखी आहे.

विद्यापीठाच्या स्थापनेपूर्वी हातचा धंदा म्हणजे कमी प्रतीचे ज्ञान, असे मानावयास फारसा आधार नव्हता. १७३६ साली सुरतेहून मुंबईस आलेल्या लवजी नसरवानजी वाडिया यांच्या घराण्याने मुंबईच्या गोदीत पिढ्यान्‌पिढ्या जहाजे बांधली. मुलगा बापाच्या हाताखाली शिके व कालांतराने गोदीचा ‘मास्टर बिल्डर’ होई. जमशेटजी बमनजी वाडिया यांच्या देखरेखीखाली १८१७ साली पाण्यात उतरलेली ‘त्रिंकोमाली’ ही सागवानी युद्धनौका इंग्लंडमध्ये हार्टलपूल येथे आजही पाहावयास मिळते. याच घराण्यातील अर्देशीर कर्सेटजी यांनी १८३४ साली माझगावच्या आपल्या बंगल्यात वायूचे दिवे लावले. आणि १८४१ साली लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना आपले सदस्यत्व दिले. हा मान मिळविणारे ते पहिले हिंदी गृहस्थ. त्यांच्याजवळ कोणत्याही विद्यापीठाची पदवी नव्हती. त्यांचे विद्यापीठ म्हणजे गोदीच. मात्र हा मार्ग घराण्यापुरता होता, हेही विसरता कामा नये. गोदीत वाडियांचा मुलगा शिके. गावात सुताराचा मुलगा बापाजवळ रंधा धरावयास शिके आणि बलुत्यावर राही. निवड करण्यास दोन दारे उघडी असावी लागतात. बलुतेदाराच्या मुलास दुसरे दार माहीतच नव्हते.

दुसरे दार उघडले, पण ते ज्या रीतीने उघडले तीत पुढील सर्व गुंतागुंतीचे बीज आहे. १८४४ साली गव्हर्नर जनरल हार्डिंग यांनी सरकारी नोकरीत इंग्रजी पद्धतीचे शिक्षण घेतलेल्यांस प्राधान्य देण्याचे धोरण जाहीर केले. १८५४ च्या वुड यांच्या खलित्याने त्याचा पुनरुच्चार केला व विद्यापीठांची योजना पुढे मांडली. १८५७ च्या जुलै महिन्यात मुंबई विद्यापीठाची स्थापना झाली आणि १८६२ साली महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे व वामन आबाजी मोडक हे पहिले चौघे बी. ए. झाले. शिक्षणाचा नोकरीशी असा संबंध जुळला की, पदवीस ज्ञानाच्या मूल्याखेरीज एक बाजारमूल्य प्राप्त झाले.

याच सुमारास उमेदवारीसंबंधीही एक कायदा झाला, त्याकडे शिक्षणाच्या इतिहासकारांचे लक्ष क्वचितच जाते. तो १८५० चा एकोणिसावा अधिनियम होय. मुलांना, विशेषतः अनाथांना आणि सार्वजनिक धर्मादायावर वाढणाऱ्या गरीब मुलांना, एखादा धंदा शिकून पोट भरता यावे हा त्याचा उद्देश होता. दहा ते अठरा वर्षांच्या मुलास जास्तीत जास्त सात वर्षांच्या कराराने मालकाकडे बांधून देण्याची तरतूद त्यात होती. हेतू दयेचा होता, यात शंका नाही. परंतु त्याचा अर्थ असा झाला की, एकाच दशकात राज्यकर्त्यांनी पदवीस अधिकाराची शिडी केले आणि उमेदवारीस अनाथांचा आश्रय. एकीस प्रतिष्ठा व दुसरीस करुणा, अशी ही कायद्याने केलेली वाटणी होती.

ती पक्की कशी झाली हे पाहावयाचे असेल तर पुण्याचे उदाहरण पुरेसे आहे. १८५४ साली पुण्यास ‘इंजिनियरिंग क्लास अँड मेकॅनिकल स्कूल’ या नावाची एक शाळा निघाली. इमारती, धरणे, कालवे, पूल यांच्या कामांसाठी दुय्यम दर्जाचे नोकर तयार करणे एवढाच तिचा माफक उद्देश होता. पुढे शाळेचे महाविद्यालय झाले व १८६६ साली ते मुंबई विद्यापीठास जोडले गेले. त्यानंतर तेथील विद्यार्थ्यापुढे एल. सी. ई. ही विद्यापीठाची परीक्षा आली. मोक्षगुंडम् विश्वेश्वरय्या हे १८८३ साली येथूनच ती परीक्षा उत्तीर्ण झाले. या संस्थेने देशास थोर स्थापत्यविशारद दिले, हे निर्विवाद आहे. पण मॅट्रिक्युलेशनचा उंबरठा मध्ये आल्यावर, ज्यास इंग्रजी येत नाही पण ओळंबा धरता येतो असा गवंड्याचा मुलगा त्या दाराशी पोहोचणे अशक्य झाले. बारा वर्षांत संस्था वर चढली. ती ज्या थराजवळ उभी होती, तो थर तेथेच राहिला.

समकालीनांस ही उणीव जाणवली नव्हती असे नाही. १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात जोतीराव फुले यांनी रयतेच्या करातून जमलेला पैसा वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो, अशी तक्रार करून बहुजनांच्या प्राथमिक शिक्षणात शेतीसारख्या व्यवहारोपयोगी विषयांचा आग्रह धरला. १८९० साली पुण्यास भरलेल्या औद्योगिक परिषदेत रानडे यांनी उद्योगांच्या पुनरुज्जीवनाचा विचार मांडला. विद्यापीठाच्या पहिल्या पदवीधरांपैकी एकाने ही चिंता वाहावी, हे लक्षणीय आहे. १८८७ साली मुंबईस गिरण्यांच्या गरजा ध्यानी घेऊन व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट निघाली. १८९० साली सयाजीराव गायकवाड यांच्या आश्रयाने बडोद्यास त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर यांनी कला भवन स्थापिले. तांत्रिक विद्या लोकांच्या भाषेतून शिकविता येते व आली पाहिजे, असा गज्जरांचा आग्रह होता. ते स्वतः रसायनशास्त्राचे पदवीधर, आणि त्यांचे आडनाव सुतारकामाचे निदर्शक.

या संस्थांच्या परिसरात जी माणसे घडली त्यांच्याकडे पाहिले म्हणजे बुद्धीची वाटणी पदवीवरून करणे किती फोल आहे हे कळते. लक्ष्मणराव किर्लोस्कर हे मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत चित्रकला शिकावयास गेले; रंगांधळेपणामुळे यांत्रिक रेखनाकडे वळले; ज्युबिली इन्स्टिट्यूटमध्ये त्यांनी शिकविलेही. त्यांनी लोखंडी नांगर केला आणि १९१० साली किर्लोस्करवाडी वसविली. धुंडिराज गोविंद फाळके हे जे. जे. व कला भवन या दोन्ही ठिकाणी शिकले आणि १९१३ साली त्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ हा चित्रपट लोकांपुढे आणला. दोघांपैकी कोणीही विद्यापीठाचा पदवीधर नव्हता.

आणि तरीही या संस्थांची पुढची वाटचाल पुण्याच्या शाळेसारखीच झाली. कला भवन १९४९ साली स्थापन झालेल्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात विलीन होऊन त्याची अभियांत्रिकी शाखा बनले. ज्युबिली इन्स्टिट्यूटही पुढे विद्यापीठाच्या पदव्यांसाठी शिकवू लागली. कारागिरासाठी जी जी शाळा निघाली, ती नावारूपास येताच पदवीकडे झुकली. यात कोणाचा कट नव्हता. वेतन, पद आणि मान ही तिन्ही पदवीशी बांधलेली असताना, कोणतीही जिवंत संस्था दुसरे काय करणार?

स्वातंत्र्यानंतर रिकामी झालेली जागा पुन्हा भरावी लागली. १९५० साली कारागीर-प्रशिक्षणाची योजना सुरू होऊन औद्योगिक प्रशिक्षण संस्था निघाल्या. १९६१ च्या अधिनियमाने १८५० चा कायदा रद्द करून उमेदवारीस धर्मादायातून बाहेर काढले व तिला विद्यावेतनाचा कायदेशीर आधार दिला. मराठीत या अधिनियमातील व्यक्तीस ‘शिकाऊ उमेदवार’ म्हणतात. एव्हाना ‘उमेदवार’ हा शब्द निवडणुकीच्या मैदानात गेलेला असल्याने त्यास विशेषण जोडावे लागले; पण त्यामुळे शिकण्याचा अर्थ त्या नावात प्रथमच आला, हाही लाभच. १९७३ च्या दुरुस्तीने अभियांत्रिकीचे पदवीधर व पदविकाधारक, आणि २०१४ च्या दुरुस्तीने अन्य पदवीधरही या कक्षेत आले. २०२० साली विद्यापीठ अनुदान आयोगाने उमेदवारी अंतर्भूत असलेल्या पदवी-अभ्यासक्रमांविषयी मार्गदर्शक तत्त्वे काढली. म्हणजे पदवीधरास कार्यशाळेची गरज आहे, हे शासनाने मान्य केले. कार्यशाळेतील कारागिरास विद्यापीठाची वाट तितकीच मोकळी आहे काय, हा उलट प्रश्न मात्र अद्याप पुरता सुटलेला नाही.

या प्रश्नाला भाषेचेही एक अंग आहे, आणि ते आपल्यासारख्या विभागाच्या जबाबदारीचे आहे. सुतार चौकट ‘गुण्यात’ आहे म्हणतो. विद्यार्थी तीच ‘काटकोनात’ आहे म्हणतो. गवंडी भिंत ‘ओळंब्यात’ आहे की नाही पाहतो. पाठ्यपुस्तकात ती ‘लंबरूप’ असते. ज्ञान एकच आहे, परंतु एकाची परिभाषा कोशात गेली व दुसऱ्याची तोंडोतोंडी राहिली. कारखान्यात ‘हात बसला’ म्हणतात, वर्गात ‘पाठ झाले’ म्हणतात. या दोन वाक्प्रचारांत शिकण्याच्या दोन पद्धतींचे जे वर्णन आहे, त्याचा पद्धतशीर अभ्यास व्हावयास हवा. हातचे धंदे जसजसे यंत्राधीन होत आहेत, तसतशी ही शब्दसंपत्ती क्षीण होत आहे. ती गोळा करून पाठ्यपुस्तकांत आणणे, हा दोन दारांमधील भिंतीस झरोका पाडण्याचा एक मार्ग आहे.

तेव्हा आजच्या मुलास काय सांगावे? दोन्ही वाटा सारख्याच आहेत असे सांगणे खोटे ठरेल. वेतनात व मानात अंतर आहे आणि ते त्यास भोगावे लागणार आहे. परंतु ते अंतर त्याच्या बुद्धीचे माप नव्हे, एवढे इतिहासाच्या आधारे निःशंकपणे सांगता येते. आणि निवड करताना कोणती वाट उंच आहे यापेक्षा, कोणत्या वाटेवरून पुढे दुसरीकडे वळता येते, हे त्याने आधी विचारावे. दीडशे वर्षांत शाळांना वर चढता आले. ती मुभा माणसांना मिळाली, म्हणजे या निवडीतील भय पुष्कळसे नाहीसे होईल.