सुवर्णमहोत्सवी निधीतून उभी राहिलेली गृहशुश्रूषा

कोणत्याही सेवाभावी संस्थेच्या जीवनात सुवर्णमहोत्सव हा जसा आनंदाचा, तसाच हिशेबाचाही प्रसंग असतो. जमलेल्या निधीचा विनियोग कसा करावा, हा प्रश्न अशा वेळी विश्वस्तांपुढे हमखास उभा राहतो. इंग्लंडमध्ये १८८७ साली व्हिक्टोरिया राणीच्या कारकिर्दीचा सुवर्णमहोत्सव साजरा झाला, तेव्हा तेथील स्त्रियांनी मोठी वर्गणी जमविली. त्यातील सुमारे ७०,००० पौंड गरीब रुग्णांची त्यांच्या घरी जाऊन शुश्रूषा करण्याच्या कार्यास देण्यात आले. या निधीला योग्य वाट मिळाली, याचे कारण ती वाट अठ्ठावीस वर्षे आधीच एका व्यापाऱ्याने पाडून ठेवली होती.

विल्यम रॅथबोन (१८१९–१९०२) हे लिव्हरपूलचे पिढीजात व्यापारी. लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस पुरविणारे हे बंदर. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात, १८६१ ते १८६५ या वर्षांत, मुंबईहून गेलेल्या कापसाच्या गाठीही तेथेच उतरत. त्यामुळे आम्हा कापडवाल्यांना हे गाव अगदीच परके वाटू नये.

१८५९ साली रॅथबोन यांच्या पत्नीचे दीर्घ आजाराने निधन झाले. तिची शुश्रूषा मेरी रॉबिन्सन नावाच्या परिचारिकेने केली होती. संपन्न घरात एवढी सोय असूनही आजार इतका दुःसह होतो, मग गरिबाच्या खोलीत काय होत असेल, हा विचार त्यांना स्वस्थ बसू देईना. त्यांनी मेरी रॉबिन्सन यांना तीन महिन्यांसाठी नेमून गरीब वस्तीत पाठविले. लागणारे साहित्य व पौष्टिक अन्नही पुरविले. पहिल्याच महिन्याच्या अखेरीस त्या रडत परत आल्या. ते दैन्य त्यांना पाहवेना. रॅथबोन यांनी त्यांना धीर देऊन मुदत पुरी करण्याची विनंती केली. तीन महिने संपता संपता रुग्ण बरे होताना दिसू लागले आणि त्या बाईंनी हेच कार्य पुढे चालविण्याचे ठरविले.

आता अनेक परिचारिका हव्या होत्या. पण प्रशिक्षित परिचारिका मिळेनात. रॅथबोन यांनी फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचा सल्ला विचारला. परिचारिका मिळत नसतील तर त्या घडवाव्या लागतील, असे त्यांचे मत पडले. त्यानुसार लिव्हरपूलच्या रॉयल इन्फर्मरी या रुग्णालयाशी संलग्न अशी प्रशिक्षणशाळा १८६२ मध्ये स्थापन झाली. पुढे नगराचे अठरा विभाग पाडण्यात आले. प्रत्येक विभागाची जबाबदारी एका प्रतिष्ठित महिलेकडे असे. निधी जमविणे, रुग्णांसाठी साहित्य पुरविणे आणि परिचारिकेच्या कामावर लक्ष ठेवणे, ही तिची कर्तव्ये.

व्यवस्था उत्तम होती, तरी तिच्यात एक उणीव होती. देखरेख करणाऱ्या महिला उदार होत्या. पण जखम नीट बांधली गेली की नाही, हे त्यांना कसे कळावे? दान देणे हे एक ज्ञान आहे आणि शुश्रूषा हे दुसरे. १८७४ साली लंडनमध्ये गृहशुश्रूषेसाठी नवी संस्था निघाली, तेव्हा फ्लॉरेन्स लीस या निष्णात परिचारिकेने शहरातील परिस्थितीची चौकशी केली. प्रशिक्षण अपुरे, देखरेख सैल आणि कित्येक ठिकाणी शुश्रूषेऐवजी केवळ मदतवाटप, असे चित्र दिसून आले. त्याच संस्थेच्या पहिल्या प्रमुख अधीक्षिका झाल्या. परिचारिकांवर देखरेख प्रशिक्षित परिचारिकेनेच करावी, हा दंडक त्यांनी घालून दिला. वर्गणीदारांनी पैसा द्यावा, हिशेब जरूर मागावा, परंतु रुग्णाच्या उशाशी अधिकार जाणकाराचाच असावा, असा याचा अर्थ. धनिकांच्या संस्थेत ही गोष्ट पचनी पडणे सोपे नसते.

सुवर्णमहोत्सवी निधीतून उभ्या राहिलेल्या संस्थेला १८८९ मध्ये राजसनद मिळाली. तिने गावोगावच्या मंडळांना संलग्न करून घेताना अटी घातल्या. परिचारिकेने रुग्णालयात आणि त्यानंतर सहा महिने घरोघरच्या शुश्रूषेत प्रशिक्षण घेतलेले असावे. तिने डॉक्टरांच्या सूचनेनुसार काम करावे. रुग्णाच्या धर्मश्रद्धेत हस्तक्षेप करू नये. पैसा किंवा भिक्षा वाटू नये. आणि मध्यवर्ती निरीक्षिकेने येऊन काम तपासावे. रॅथबोन यांची भाची रोझालिंड पॅजेट या पहिल्या निरीक्षिकांपैकी एक होत. निधी मात्र प्रत्येक मंडळाने स्थानिक पातळीवर उभारावयाचा. अनेक ठिकाणी कामगार कुटुंबे आठवड्याला एक पेनी भरीत. पुढे कार्यकारिणीतील एल्सी वॅग यांनी खासगी बागा लोकांना एक शिलिंग शुल्कात दाखविण्याची कल्पना मांडली. १९२७ मध्ये ६०९ बागा खुल्या झाल्या आणि ८,००० पौंडांहून अधिक रक्कम जमली. १९४८ मध्ये राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाल्यावर गृहशुश्रूषेची जबाबदारी स्थानिक शासनाकडे गेली; तथापि मूळ संस्था आजही कार्यरत आहे.

भिक्षा न वाटण्याची अट प्रथमदर्शनी कठोर वाटते. परंतु परिचारिकेच्या हातात पैसा आला की रुग्णाचे लक्ष औषधापेक्षा तिच्या पिशवीकडे लागते, आणि ती कोणाला किती देते यावरून वस्तीत कुरबुर सुरू होते. दानाची वाट वेगळी व शुश्रूषेची वेगळी ठेवल्यानेच दोन्हींची शुद्धता टिकली.

आपल्या परंपरेत रुग्णसेवेला, वैयावृत्त्याला, अंतरंग तपाचे स्थान आहे. आज मुले परगावी वा परदेशी आणि वृद्ध मातापिता घरी एकटे, हे चित्र आपल्याही समाजात घरोघर दिसते. उद्या एखादी संस्था या कार्यास हात घालील, तेव्हा तिने एक गोष्ट ध्यानी ठेवावी. धर्मशाळा किंवा पाठशाळेचा कारभार विश्वस्त स्वतः जाऊन पाहू शकतात. गृहशुश्रूषा मात्र बंद दाराआड चालते. अंथरुणाला खिळलेले वृद्ध बहुधा तक्रारही करीत नाहीत. तेथे विश्वस्तांचे डोळे म्हणजे प्रशिक्षित पर्यवेक्षिका, रोजची नोंदवही आणि पूर्वसूचनेशिवाय होणारी तपासणी. देणगीदारांच्या नावांचा फलक लावण्याआधी या तिन्हींची तरतूद अंदाजपत्रकात झाली पाहिजे, असे मला नम्रपणे सुचवावेसे वाटते.